चुन्याची डबी, खाडा आणि फौंड्रीचं गेट

कोविडच्या साथीत सगळ्यात अवघड गेली ती चुन्याची डबी. मास्क लोकांनी आठवडाभरात अंगवळणी पाडला, जमिनीवर पांढरे गोल आखले तर त्यात उभेही राहिले. पण तंबाखू एकट्याने मळायचा, आणि मळताना शेजाऱ्याने हात पुढं केला तर नाही म्हणायचं, हे सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, कुणालाच जमेना. तळहातावर अंगठ्याने घोळलेली चिमूट दुसऱ्याच्या बोटांत, तिथून ओठाआड. त्यासाठी दोघांचेही मास्क हनुवटीवर. आणि थोड्या वेळाने पिचकारी मोल्डिंगच्या, म्हणजे साचे करायच्या, वाळूत. साथीत टाळा म्हणून जेवढं सांगितलं जातं, त्यातलं बहुतेक या एका चिमटीत येतं.

थुंकण्याबद्दलचा कायदा काही नवा नव्हता. तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम २० प्रमाणे पिकदाण्या ठेवणं आणि त्या स्वच्छ राखणं मालकावर होतं, आणि पिकदाणी सोडून थुंकणाऱ्या कामगाराला दंड जास्तीत जास्त पाच रुपये होता. मे २०२० च्या अखेरीस राज्य सरकारने सार्वजनिक ठिकाणी थुंकण्याचा पहिल्या वेळचा दंड १००० रुपये आणि वर एक दिवस समाजसेवा असा केला. पाचाचे हजार झाले तरी शॉपमध्ये, म्हणजे कामाच्या शेडमध्ये, सवय मोडली ती दंडाने नाही. हजेरी मांडतात त्या टाइम ऑफिसच्या भिंतीला लाकडी कप्पे ठोकले, प्रत्येकावर टोकन नंबर. पुडी आणि डबी आत येताना त्यात ठेवायची, जाताना घ्यायची. कामाच्या जागी तंबाखू नको, हे केंद्राच्या १५ एप्रिल २०२० च्या आदेशातच होतं. कप्पे ठोकल्यावर ते कागदावरून शॉपमध्ये उतरलं.

हे टिपण मे २०२० पासून पुढच्या दोनेक वर्षांच्या कामाचं आहे. कारखाना मध्यम, ओतकाम आणि मशिनिंग दोन्ही असलेला, सव्वाशेच्या आसपास माणसं, त्यातली निम्मी ठेकेदाराकडची. मालकाने काय करायचं याच्या याद्या त्या काळात भरपूर निघाल्या. कामगाराने काय करायचं ते मात्र 'नियम पाळा' यावर संपायचं. कायद्यात ते तेवढ्यावर संपत नव्हतं. त्याच कारखाने अधिनियमाचं कलम १११ सांगायचं की सुरक्षिततेसाठी दिलेली साधनं कामगाराने मुद्दाम बिघडवायची नाहीत, वापरायचं टाळायचं नाही, आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका होईल असं काही जाणूनबुजून करायचं नाही. त्याला शिक्षाही होती: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा शंभर रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लगेच पुढचं कलम १११-क मात्र कामगाराच्या बाजूचं. आपल्या आरोग्याशी संबंधित माहिती मागण्याचा, प्रशिक्षण मिळण्याचा, आणि व्यवस्था अपुरी असेल तर थेट कारखाना निरीक्षकाकडे म्हणणं मांडण्याचा हक्क त्यात दिला होता. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेने मंजूर केलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत यात एक कर्तव्य स्पष्ट शब्दांत आलं: असुरक्षित किंवा आरोग्याला घातक काही नजरेस पडलं तर ते कळवणं. साथीत याचा अर्थ एकच होतो. मला बरं नाही, हे कळवणं.

त्याकडे येतोच. आधी कारखाना चालू करण्याबद्दल, कारण पहिल्या आठवड्यात विषाणूपेक्षा भट्टीची भीती जास्त होती.

२४ मार्चच्या मध्यरात्रीपासून बंद पडलेला शॉप दीड महिन्याने उघडला. मधे वळवाचे दोन-तीन पाऊस होऊन गेलेले. इंडक्शन फर्नेसच्या, म्हणजे विजेच्या भट्टीच्या, लायनिंगने (आतल्या अस्तराने) हवेतला ओलावा ओढलेला असतो, आवारातलं स्क्रॅप वरून कोरडं दिसलं तरी पोकळ तुकड्यांत पाणी असतं. वितळलेल्या धातूत असा एक ओला तुकडा पडला की पाण्याची क्षणात वाफ होते आणि धातू उसळून बाहेर येतो. त्यात माणसं निम्मी, जुना फर्नेसवाला गावी अडकलेला आणि त्याच्या जागी हेल्पर. ७ मे २०२० ला विशाखापट्टणमला एलजी पॉलिमर्समधून स्टायरीनची वाफ सुटली, तीही टाळेबंदीनंतर कारखाना पुन्हा सुरू होण्याच्या सुमारासच. दोनच दिवसांनी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने कारखाने पुन्हा सुरू करण्याच्या सूचना काढल्या: पहिला आठवडा चाचणीचा धरा, उत्पादनाच्या मागे लागू नका. तेवढं पाळलं. लायनिंग हळूहळू तापवून सुकवलं, थंड पाण्याच्या लाइनचे होज बदलले, स्क्रॅप आठ दिवस शेडखाली पसरून ठेवलं, जुने कोअर (साच्यात बसवायचे वाळूचे गाभे) मोडीत काढले. ज्याने ते मशीन पूर्वी चालवलेलं नाही त्याने 'बघतो चालवून' म्हणायचं नाही, ही कामगाराची त्या आठवड्यातली पहिली जबाबदारी. मास्क दुसरी.

आता गेट. थर्मल गनचा आकडा वॉचमन वहीत लिहायचा आणि पहिले चार दिवस सगळी माणसं ३३ आणि ३४ अंशांची निघाली. गन वस्तूच्या मोडवर होती. शरीराचा मोड वेगळा असतो, त्याचं बटण बाजूला असतं. मग उलट झालं. मे महिन्यात मालगाव, बेडग, आरग इथून उन्हातून हेल्मेट घालून आलेल्याचं कपाळ चटकतं आणि गन ताप दाखवते. घामाने ओलं कपाळ कमी दाखवतं. गन स्वतः उन्हात पडलेली असली तर कुणाचंच खरं नाही. म्हणून ठरलं ते असं: गेटच्या आत चिंचेच्या सावलीला बाकडं, आल्यावर दहा मिनिटं तिथं बसायचं, कपाळ पुसायचं, मग तीन ते पाच सेंटिमीटरवरून मोजायचं. ९९.५ फॅरनहाइटच्या वर आला तर काखेत साधा थर्मामीटर. वॉचमनने पाळी सुरू होण्याआधी स्वतःचं तापमान मोजायचं, म्हणजे गन शहाणी आहे का ते कळतं.

ऑक्सिमीटरचंही तसंच. नखाखाली ऑइल आणि काळी वाळू, हात नुकतेच गार पाण्याने धुतलेले, की ८८ दाखवतो आणि माणूस हबकतो. बोट पुसा, हात चोळून गरम करा, टेबलावर स्थिर ठेवा, आकडा अर्धा-एक मिनिट एकाच जागी राहिला की तोच लिहा. ९४ किंवा खाली असेल तर कामावर नाही, डॉक्टरकडे. शंका असेल तर सहा मिनिटं सपाट जागी चालवून पुन्हा मोजायचं. चालण्याने आकडा तीन किंवा जास्तने उतरला तर बसून दिसणाऱ्या ९६ ला अर्थ नाही. अंगठ्याचं पंचिंग बंद केलं, हजेरी टाइम ऑफिसचा कारकून तोंडी नंबर ऐकून मांडायचा. इतक्या साध्या गोष्टीने गेटवरची रांग अर्ध्यावर आली, ते बरं झालं.

पण गन कितीही नीट धरली तरी पॅरासिटामॉल खाऊन आलेला माणूस तिला सापडत नाही. खरी गोष्ट इथंच आहे.

माणूस ताप का लपवतो? खाडा पडतो म्हणून. रोजंदारीवरच्याला एक खाडा म्हणजे त्या दिवसाचे पैसे गेले, वर महिन्याचा हजेरी भत्ता गेला. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) आहे की, असं सांगणाऱ्याने ईएसआयचा नियम वाचलेला नसतो. आजारपणाचा लाभ सरासरी रोजच्या पगाराच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. पण आजारपणाचे पहिले दोन दिवस त्यात धरत नाहीत. आधीचं आजारपण संपून पंधरा दिवसांच्या आत पुन्हा पडलात तरच ते मिळतात. समजा रोज ४५० रुपये. तिसऱ्या दिवसापासून ३१५ मिळतील, पण पहिल्या दोन दिवसांचे शून्य, म्हणजे ९०० रुपये खिशातून. आणि कोविडचा माणूस सगळ्यात जास्त पसरवतो तो लक्षणं दिसायच्या आधीच्या दोनेक दिवसांपासून ते लक्षणं सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत. कायद्याने जे दोन दिवस बिनपगारी ठेवलेत नेमक्या त्याच दोन दिवसांत तो घरी बसायला हवा. 'दोन दिवस बघू, नाही उतरला तर सांगू' हे आळसाचं बोलणं नव्हे, हा हिशेब आहे.

म्हणून आमच्याकडे पहिली मागणी सॅनिटायझरची नव्हती, या दोन दिवसांची होती. पाळी सुरू होण्याच्या एक तास आधी फोन करून 'ताप आहे', 'घसा धरलाय', 'वास येत नाही' असं कळवणाऱ्याचे पहिले दोन दिवस कंपनीने भरपगारी धरायचे, हजेरी भत्ता कापायचा नाही, पुढचे दिवस ईएसआयमधून. फोन सुपरवायझरला नाही, टाइम ऑफिसला करायचा, कारण सुपरवायझरच्या डोक्यात त्या दिवसाच्या हीट (भट्टीतून धातू वितळवून काढायच्या खेपा) असतात आणि तो 'ये तर खरं, बघू' म्हणतो. हे मान्य व्हायला जूनअखेर उजाडली. त्यानंतर सकाळी सहाच्या आत फोन वाजायला लागला. काही जणांनी याचा फायदा घेऊन सुट्ट्या काढल्या का? काढल्या. एका माणसाची दोन दिवसांची रजा आणि सगळी मोल्डिंग लाइन चौदा दिवस बंद, यातलं महाग काय ते उघड आहे.

ठेकेदाराच्या माणसांचं वेगळं दुखणं. पगारातून ईएसआयचे पैसे कापले जातात, २०१९ च्या जुलैपासून कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५, पण ते भरले जातात का हे माणसाला माहीत नसतं. लाभ हवा तर आधीच्या सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. तेव्हा प्रत्येकाने स्वतः करायचं काम असं: आपला दहा आकडी विमा क्रमांक पाठ किंवा मोबाइलमध्ये, ईएसआयसीच्या संकेतस्थळावर आपल्या नावावर किती दिवस चढलेत ते बघणं, बायको-मुलं-आईवडील यांची नावं नोंदवलेली आहेत का ते बघणं, बँक खातं जोडणं. २०२१ मध्ये ईएसआयसीने कोविडने गेलेल्या कामगाराच्या कुटुंबाला सरासरी पगाराच्या ९० टक्के दरमहा देण्याची योजना आणली, ती याच नोंदीवर चालली: निदानाच्या किमान तीन महिने आधी नोंदणी, आधीच्या वर्षात किमान ७० दिवसांची वर्गणी. नाव नोंदवायचं राहिलं तर मागाहून धावपळ बायकोला करावी लागते. भविष्य निर्वाह निधीतून तीन महिन्यांचं मूळ वेतन व महागाई भत्ता किंवा शिल्लकीच्या ७५ टक्के, यातलं जे कमी ते काढायची सोय २८ मार्च २०२० पासून होती, तिथंही केवायसी अपुरी असलेले अडकले. आधारवर एक नाव, खात्यावर दुसरं, आणि जन्मतारीख शाळेने १ जून लावलेली.

शॉपवर मास्कची गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. ऑफिसात बसणाऱ्याने लिहिलेले नियम भट्टीपुढं वितळतात, आणि काही वेळा शब्दशः. पॉलिस्टरचा रंगीत मास्क घालून लॅडलजवळ (वितळलेला धातू ओतायच्या भांड्याजवळ) गेलेल्याच्या तोंडावर ठिणगी पडली तर कापड जळत नाही, वितळून कातडीला चिकटतं. फर्नेस आणि पोअरिंगवर (धातू साच्यात ओतण्याच्या जागी) फक्त सुती, तिहेरी कापडाचे. उन्हाळ्यात घामाने तासा-दोन तासांत भिजतो, आणि भिजलेल्या मास्कमधून श्वास ओढवत नाही म्हणून माणूस तो खाली ओढतो. त्यामुळं पाळीला तीन: एक तोंडावर, दोन घडी करून कागदी पिशवीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला की आंबट वास मारतो.

फेटलिंगचं, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करण्याच्या कामाचं, उलटं. तिथं सिलिकाची धूळ असते, तिला सुती कापड अडवत नाही, एन-९५ किंवा फिल्टरवाला रेस्पिरेटरच हवा, साथ असो वा नसो. पण बाजारात मिळणाऱ्या बऱ्याचशा धूळ-मास्कना पुढं झडप असते. श्वास आत घेताना धूळ गाळली जाते, सोडताना झडप उघडते आणि न गाळलेली हवा समोरच्याच्या तोंडावर. झडपेचे मास्क संसर्ग रोखायला उपयोगी नाहीत असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी जुलै २०२० मध्ये कळवलं. आम्ही फेटलिंगवाल्यांना झडपेवरून एक साधा सर्जिकल मास्क बांधायला लावला. आदर्श नव्हे, पण धूळही अडते आणि श्वासही. दाढी वाढवलेल्याच्या गालाशी एन-९५ बसत नाही. दोन्ही तळव्यांनी झाकून जोरात श्वास सोडायचा, कडेने हवा लागली तर तो मास्क नसल्यात जमा.

मास्कमुळं नवे धोके आले, ते कुठल्या पत्रकात नव्हते. पहिला चष्म्याचा. नाकाची तार दाबली नाही की श्वास वर जातो आणि गॉगलवर वाफ धरते. वाफ धरलेला गॉगल घालून दोघांनी हातलॅडल उचलणं म्हणजे डोळ्यांवर फडकं बांधून विहिरीच्या काठाने चालणं. तार नाकावर दोन बोटांनी बसवायची, वर कागदी चिकटपट्टी लावायची, गॉगल साबणाच्या पाण्याने पुसून वाळवायचा. दुसरा आवाजाचा. नॉकआउट (साचा फोडून ओतलेला भाग काढणं) आणि ग्राइंडिंगच्या गोंगाटात मास्कमधून शब्द कळत नाही, म्हणून माणूस मास्क काढून जवळ जाऊन ओरडतो, म्हणजे तीनही चुका एकदम. त्यावर हातवारे ठरवले: थांब, उचल, खाली घे, करंट बंद. क्रेनला इशारा करणाऱ्याची शिट्टी बंद झाली होती, तिच्याऐवजी लाल-हिरवं झेंडी-कापड. आज शिट्टी परत आली तरी हातवारे राहिलेत, कारण ते आधीपासून हवेच होते.

सहा फुटांचं अंतर पोअरिंगला पाळता येत नाही. दोन माणसांच्या लॅडलचा दांडा केवढा, ते ज्याने उचललाय त्याला सांगायला नको. मग अंतराऐवजी जोडी पक्की केली. हाच तो आणि हाच तो, रोज, जेवायलाही तेच, बाइकवरही तेच. जोड्यांची यादी टाइम ऑफिसात. सुपरवायझरने अडचणीला माणूस इकडचा तिकडे टाकला तर वहीत वेळ लिहायची. पुढं एखादा बाधित निघाल्यावर ही यादी कामाला आली. पंधरा मिनिटांहून जास्त वेळ सहा फुटांच्या आत कोण होतं, याचं उत्तर आठवून द्यावं लागलं नाही.

हवेबद्दल शहाणपण उशिरा आलं. पहिलं वर्ष आम्ही पुसण्यात घालवलं. मे २०२१ मध्ये केंद्राच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने सांगितलं की बारीक तुषार हवेतून दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, दारं-खिडक्या उघडा, एक्झॉस्ट लावा. तेव्हा लक्षात आलं की कोअर शॉपमधला मोठा पेडेस्टल फॅन आठ जणांच्या रांगेला लांबीच्या दिशेने वारा घालतो, म्हणजे पहिल्याचा श्वास आठव्यापर्यंत. फॅन दारात, पाठीमागून बाहेरची हवा आत ढकलणारा, आणि समोरच्या भिंतीला एक्झॉस्ट. कामगाराचं काम एवढंच की स्वतःला वारा लागत नाही म्हणून फॅन वळवून घ्यायचा नाही. तो दिवसातून दहा वेळा वळवला जायचा. शेवटी त्याच्या पायाला वेल्डिंगचा टाका मारला.

साफसफाईचं प्रमाण कामगाराला पाठ असायला हवं, कारण हायपोक्लोराइट (क्लोरीनचं जंतुनाशक) कालवणारा हेल्पर असतो, केमिस्ट नव्हे. कॅनवर १० टक्के लिहिलेलं असेल तर एक लिटरमध्ये नऊ लिटर पाणी, म्हणजे १ टक्का. ५ टक्के असेल तर एकास चार. साध्या ब्लीचिंग पावडरमध्ये क्लोरीन साधारण ३० टक्के, म्हणजे दहा लिटरला ३३० ग्रॅम, ढवळून ठेवायचं आणि वरची निवळी घ्यायची. रोज ताजं करायचं, कॅन सावलीत, कारण ऊन आणि उष्णतेने जोर जातो. आधी साबणाने तेल-मळ काढायचा. मळावर क्लोरीन ओतला तर तो मळातच संपतो. पुसून दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. संडासात ॲसिड टाकून लगेच हायपो ओतायचा नाही, क्लोरीन वायू सुटतो. हे सांगूनही एकदा झालंच, वास आल्यावर सगळे बाहेर पळाले आणि दारं उघडी टाकून अर्धा तास आत कुणाला सोडलं नाही.

पहिल्या उत्साहात कुणीतरी तासगाव भागातला द्राक्षबागेचा फवारणी पंप आणला. पाठीवर घेऊन शॉपभर फवारलं. आत बुरशीनाशकाचा अंश होता की नाही कोण सांगणार? आणि फवारल्याने कोपरे ओले होत नाहीत, बारीक तुषार मात्र नाकात जातात. फडक्याने पुसणंच बरं. माणसांवर फवारा मारणाऱ्या बोगद्यांची तर एप्रिल २०२० मध्ये टूम निघाली होती; केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १८ एप्रिललाच ते करू नका म्हणून कळवलं.

मशिन शॉपमध्ये हायपो चालत नाही. व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या बेडवर, मायक्रोमीटरच्या तोंडावर, तयार जॉबवर (भागावर) गंज चढतो, दुसऱ्या दिवशी तांबूस ठिपके. तिथं ७० टक्के अल्कोहोल, कापडावर घेऊन. पॅनेलवर थेट फवारलं तर पाणी बटणांखाली जातं. मशीनच्या ॲक्रिलिकच्या खिडकीला अल्कोहोल लावलं की काही दिवसांत बारीक तडे जाऊन ती आंधळी होते, ती साबणपाण्याने. मायक्रोमीटर, बोअर गेज, व्हर्निअर हातातून हातात जाताना पुसायचं, आणि शक्य तिथं ज्याचं त्याचं.

आणि हेच ७० टक्के अल्कोहोल भट्टीजवळ, वेल्डिंगला, गॅस कटिंगला, ग्राइंडरच्या ठिणगीच्या रेषेत ठेवायचं नाही. सतराएक अंशालाच त्याची वाफ पेट घेऊ शकते, आणि सांगलीच्या मेमध्ये शॉप चाळिशीच्या वर. सॅनिटायझर टाइम ऑफिसला आणि कँटीनला, शॉपवर साबण. तसंही तेलकट हातावर सॅनिटायझर काम करत नाही. वीस सेकंद साबण, अंगठा आणि नखं धरून. लावलंच तर हात पूर्ण कोरडे होईपर्यंत लायटर, गॅसचा टॉर्च काही हातात घ्यायचं नाही. पाळी संपल्यावर एअर गनने कपडे झटकायची सवय होती, ती बंद केली. ती धुळीसाठीही वाईटच होती.

डबा आणि प्रवास यावर फार लिहीत नाही. शेंगदाण्याची चटणी आणि खर्डा मधे ठेवून चौघांनी गोल बसणं बंद, एका दिशेला तोंड करून तीन तुकड्यांत जेवण, आपली बाटली आपल्याजवळ. वडापात (शेअर जीपमध्ये) दाटीवाटीने बसून आलेल्याला गेटवर सहा फूट शिकवणं हास्यास्पद वाटायचं, पण म्हैसाळ आणि अंकलीच्या नाक्यावर पास तपासले जायचे तेव्हा कागल, शिरोळ, अथणीकडचा माणूस जे वाहन मिळेल त्यात बसायचा. काच उघडी, मास्क वर, गप्पा नाहीत. एवढंच हातात होतं.

शॉपवर असताना कुणाला बरं वाटेनासं झालं तर काय करायचं, याचा कागद गेटवर, टाइम ऑफिसात आणि फर्नेसच्या पॅनेलजवळ चिकटवला होता. मशीन बंद करा किंवा सोपवा. सुपरवायझरला हाताने इशारा करा, जवळ जाऊ नका. कडेने चालत गेटजवळच्या खोलीत जा. ती खोली म्हणजे जुनी सिक्युरिटी केबिन, दोन खिडक्या, वेगळा संडास. तिथून घरी, आणि लक्षणं असतील तर मिरजेच्या शासकीय रुग्णालयात स्वॅब. गाडीच्या काचा खाली, ड्रायव्हर पुढं, माणूस मागे. मग त्याच्या लक्षणांच्या दोन दिवस आधीपासूनची जोडीची वही. एक-दोन जण बाधित असतील तर सगळा कारखाना बंद करायची गरज नाही, मागच्या ४८ तासांत तो जिथं जिथं होता तेवढी जागा निर्जंतुक करून काम चालू ठेवता येतं, असं १८ मे २०२० च्या केंद्रीय सूचनांत होतं. हे माहीत नसल्याने कुणी बाधित निघाला की 'आता सगळे घरी' अशी आवई उठायची, आणि त्याचा राग त्या बिचाऱ्या माणसावर निघायचा. नाव फक्त ज्यांना गरज आहे त्यांनाच सांगायचं, हे लोकांना शिकवणं मास्कपेक्षा कठीण गेलं. गावात त्याच्या घरी दूध घालणं बंद झालं, असं कळल्यावर दुसरा कशाला तोंड उघडेल?

२०२१ च्या एप्रिलमध्ये वेगळाच प्रश्न. २२ एप्रिलपासून नऊ उद्योग सोडून बाकीच्यांना ऑक्सिजन बंद झाला, सिलिंडर रुग्णालयांकडे वळवायचे. गॅस कटिंग थांबलं, रायझर (ओतलेल्या भागावर राहणारे जादा धातूचे खुंट) हातकरवतीने आणि कटिंग व्हीलने काढावे लागले, त्याने फेटलिंगची धूळ वाढली, आणि झडपेच्या मास्कचा विषय परत वर आला. सिलिंडर देताना शॉपमधल्या माणसाची जबाबदारी एवढी की तेलकट हाताने किंवा ग्रीसच्या पान्याने व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की ठिणगीची वाट बघत नाहीत. सिलिंडर आडवे ढकलत न नेता ट्रॉलीवर, टोपी लावून.

लस ११ एप्रिल २०२१ पासून कामाच्या ठिकाणी देता येऊ लागली, सुरुवातीला ४५ वरच्यांना, जिथं शंभरेक लाभार्थी तयार असतील तिथं. आमच्या एकट्याचे तेवढे भरेनात, म्हणून शेजारच्या कारखान्यांबरोबर मिळून यादी केली. लस घेतलेल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी फर्नेसवर ड्यूटी लावायची नाही, कारण ताप आणि अंगदुखी येते आणि भट्टीच्या उष्णतेत ती चक्कर ठरते. एकाच दिवशी एका जोडीतल्या दोघांना लस द्यायची नाही, नाहीतर दुसऱ्या दिवशी लॅडल कोण उचलणार. १३ मेपासून कोव्हिशील्डच्या दोन मात्रांतलं अंतर १२ ते १६ आठवडे झालं आणि आखलेलं सगळं वेळापत्रक कोलमडलं, ते पुन्हा मांडेपर्यंत जुलैत कृष्णेचं पाणी चढलं.

२ एप्रिल २०२२, पाडव्याला राज्यातले निर्बंध उठले. पांढरे गोल दोन महिन्यांत ट्रॉलीच्या चाकांनी पुसले गेले. पहिल्या दोन दिवसांच्या भरपगारी रजेचं पत्रक अजून नोटीस बोर्डावर आहे, वर दुसरे कागद टाचलेले. फॅनचा टाका तसाच आहे. टाइम ऑफिसच्या कप्प्यांत आता मोबाइल ठेवतात.